एकवीस जोड्या

हेमलता जगदाळेनं सातवं नाव भरलं आणि संगणकाचा पडदा लाल झाला. त्यातून एका बाईचा मऊ आवाज आला, "एका खरेदीत जास्तीत जास्त सहा तिकिटं मिळतील. सहापेक्षा मोठ्या गटासाठी सहवास-पडताळणी करावी लागेल."

हेमलतानं चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून नावं भरली. सातव्या नावाला पुन्हा तोच लाल पडदा, तोच आवाज.

सकाळी शहनाजचा फोन आला होता. शहनाज मुल्ला म्हणजे तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. तासगावजवळ तिची द्राक्षबाग होती आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षीही ती फोनवर मैदानात ओरडल्यासारखीच बोलायची. "हेमे, टीव्ही लाव आधी! कबड्डीची सेमीफायनल चाललीय. निळ्या जर्सीतली अकरा नंबरची पोरगी बघ."

हेमलतानं टीव्ही लावला. अकरा नंबरची मुलगी चढाईला निघाली होती. मध्यरेषा ओलांडताना तिनं उजवा खांदा थोडासा पाडला आणि डाव्या पायावर क्षणभर थबकली. हेमलताच्या हातातला कप तसाच राहिला. ती लकब जगात एकाच बाईची होती.

"कुमुदची कोण?" तिनं विचारलं.

"नात! लेकीची लेक. शर्वी नाव. पुढच्या रविवारी पुण्यात फायनल हाय. खेळाडूच्या घरच्यांना दोनच पास मिळतात, ते आईबापांनी घेतले. कुमीला तिकीट नाही. मी म्हटलं, आपण सातही जणी जाऊ. एका रांगेत बसू. तू कॅप्टन, तिकिटं तू काढ."

"कुमुद काय म्हणाली?"

"येते म्हणाली." शहनाजनं आवाज खाली आणला. "तू असणार हे सांगितलं मी तिला. तरी येते म्हणाली."

विट्याच्या कॉलेजचा तो सात जणींचा संघ होता. १९९९ ते २००२, सलग तीन वर्षं विद्यापीठात पहिला. नंतर सगळ्या पांगल्या. हेमलता खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागली आणि मिरजेत निवृत्त झाली. शहनाजनं बाग सांभाळली. पुष्पलता, वैजयंता, छाया आणि सुरेखा संसारात आणि नोकऱ्यांत गुंतल्या, पण लग्नकार्यात भेटत राहिल्या. कुमुद तेवढी आटपाडीला दिली ती पुन्हा कुणाला फारशी दिसली नाही. हेमलताला तर एकेचाळीस वर्षांत एकदाही नाही.

*

सहाची मर्यादा तशी जुनी होती. मोठ्या सामन्यांची, मैफलींची तिकिटं काळ्या बाजारवाले यंत्रं लावून हजारोंनी उचलायचे, म्हणून ती आली. मग त्या लोकांनी शेकडो खोटे गट उभे केले. कुणी शाळेची सहल दाखवायचा, कुणी भिशी मंडळ. कागदावर सगळे खरे, पण एकमेकांना ओळखणारं त्यात कुणी नाही. अमुक माणसं खरंच एकत्र वावरणारी आहेत हे ओळखायचं कसं, यावर उत्तर सापडलं ते माणसाच्या कातडीवर.

आपल्या त्वचेवर कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. प्रत्येकाची वस्ती वेगळी, जवळजवळ बोटाच्या ठशाइतकी. पण माणसं एकत्र राहिली, जेवली, हातात हात घेतला, की या वस्त्यांची देवाणघेवाण होते. नवरा-बायकोच्या तळव्यांवर, एका खोलीत राहणाऱ्या मुलींच्या दंडांवर सारखेच वाण सापडतात. तळहात आणि खांद्यावरून कापसाचा बोळा फिरवायचा, यंत्रात घालायचा, की दोन माणसांचा गेल्या तीन महिन्यांत किती सहवास झाला ते तासाभरात आकड्यात कळतं. तिकिटांच्या कंपन्यांनी हे उचलून धरलं. सहापेक्षा जास्त तिकिटं हवीत? मग गटातल्या प्रत्येकाचा प्रत्येकाशी सहवास दिसला पाहिजे. एका कार्यक्रमासाठी एका गटाला एकच संधी.

"त्यापेक्षा चार आणि तीन अशी वेगळी काढू की," हेमलता संध्याकाळी शहनाजला म्हणाली.

"नको बाई. माझ्या भावानं गेल्या वर्षी तेच केलं. घरातली आठ माणसं, सहा आणि दोन अशी तिकिटं. ओळखीतल्या माणसांनी तुकडे करून घेतलेलं यंत्राला बरोब्बर कळतं. दारात आठही जणांना परत पाठवलं." मग शहनाज हसली. "अगं, सोपं हाय. फायनलला अकरा दिवस आहेत. सगळ्याजणी माझ्याकडं या. चार दिवस एकत्र राहू, खाऊ, आणि खेळू. आपल्या खेळात अंगाला अंग लागल्याशिवाय काय होतंय का?"

*

शहनाजच्या बागेच्या कडेला तांबड्या मातीचा एक मोकळा तुकडा होता. तिनं तो नांगरून, भिजवून, लाटून घेतला होता. चुन्यानं रेषा मारल्या होत्या. पहिल्या सकाळी सात बायका त्या रेषांशी उभ्या राहिल्या. कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाचा सलवारीचा पाय दुमडलेला. पुष्पलताच्या खुब्याचा सांधा बदललेला होता, तिला पंच केलं. पण बसून पंचगिरी करायला ती तयार नव्हती. दर दोन मिनिटांनी मैदानात घुसून कुणाच्या तरी पाठीत थाप मारायची.

"सहवास वाढवतेय," म्हणायची.

धावणं कुणालाच जमत नव्हतं. चढाई म्हणजे चालणंच होतं, आणि पकड म्हणजे मिठी. छाया पडली आणि पडल्यावर इतकी हसली की तिला उठवायला गेलेल्या वैजयंता आणि सुरेखाही तिच्या अंगावर कोसळल्या. मातीचा तो वास नाकात गेला आणि हेमलताला एकदम कॉलेजचं मैदान दिसलं. पहाटे सहाची थंडी. सायकली भिंतीला टेकवलेल्या. सर शिट्टी वाजवायचे आणि सगळ्यांच्या आधी मैदानात असायच्या दोघी, कुमुद आणि हेमलता. चढाई कुमुदची, पकड हेमलताची. तासभर नुसत्या दोघींचा सराव चालायचा. कुमुदचा घोटा नेमका कधी हाताशी येणार हे हेमलताला तिच्या श्वासावरून कळायचं. सराव संपला की दोघी एका बाटलीतलं पाणी प्यायच्या आणि एकमेकींच्या केसांतली माती झाडायच्या.

आता कुमुद समोर होती. केस पूर्ण पांढरे, बांधा अजून काटक. आल्या दिवशी ती हेमलताला एवढंच म्हणाली होती, "बरी आहेस ना?" हेमलता म्हणाली होती, "बरी आहे."

कुमुद चढाईला आली. सगळ्या हसत मागं सरकल्या. तिनं उजवा खांदा पाडला, डाव्या पायावर थबकली आणि तिचा घोटा हेमलताच्या हातापासून वीतभर अंतरावर आला. हेमलताचं शरीर आपोआप खाली वाकलं. बोटं उघडली.

आणि तिनं हात मागं घेतला.

कुमुदनं ते पाहिलं. ती वळली आणि परत गेली.

चारही दिवस असंच चाललं. जेवताना दोघी पंगतीच्या दोन टोकांना. कुमुद रोज वैजयंताच्या डोक्याला तेल लावून द्यायची, छायाचे पाय चेपायची. हेमलता शहनाजबरोबर भाकरी थापायची. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी शहनाजनं हळूच विचारलं, "तुमच्या दोघींचं काय बिनसलंय गं? एकमेकींना शिवत पण नाही तुम्ही."

"काही नाही," हेमलता म्हणाली. पीठ मळून झालं होतं तरी ती मळत राहिली.

*

तपासणी केंद्र सांगलीत होतं, एका बँकेच्या शेजारच्या गाळ्यात. सात जणींचे बोळे घेऊन झाले. तासाभरानं मृण्मयी नावाची तिथली तरुण तंत्रज्ञ पडद्याकडे बघत बाहेर आली.

"आजी, सात जणींच्या एकवीस जोड्या होतात," ती म्हणाली. "वीस जोड्या हिरव्या आहेत. एक लाल आहे. हेमलता जगदाळे आणि कुमुद घाटगे."

पुष्पलतानं काठी जमिनीवर टेकवली.

"आणखी दोन दिवस थांबून परत करता येईल का?" शहनाजनं विचारलं.

"एकदाच करता येते. नियम आहे." मृण्मयीला वाईट वाटलेलं दिसत होतं. पण तिच्या चेहऱ्यावर कुतूहलही होतं. "एक विचारू का? तुम्ही दोघी बहिणी आहात का?"

"का?" कुमुदनं विचारलं.

मृण्मयीनं पडदा त्यांच्याकडे वळवला. "यंत्र दोन प्रकारचा सहवास मोजतं. एक चालू, एक जुना. त्वचेच्या वरच्या थरातले जीव येतात-जातात, काही आठवड्यांत बदलतात. पण छिद्रांच्या तळाशी काही वाण असे असतात की ते तारुण्यात एकदा येऊन बसले की बसलेच. जागा व्यापून टाकतात, दुसऱ्याला येऊ देत नाहीत. त्या वयात तुम्ही ज्यांच्या अंगाला अंग लावून वावरता, त्यांचे वाण जन्मभर राहतात. तिकिटासाठी हा आकडा धरत नाहीत, पण यंत्र दाखवतं." तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "तुम्हा सातही जणींचा जुना सहवास आहेच. पण एकवीस जोड्यांत सगळ्यांत जास्त तुमच्या दोघींचा आहे. ह्यांच्या खांद्यावर तुमची वस्ती आहे आणि तुमच्या खांद्यावर ह्यांची. इतका आकडा मी बहिणींतसुद्धा क्वचित पाहिलाय."

कुमुदनं नकळत आपल्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

तिकीटविक्री त्याच दिवशी बंद होणार होती. मृण्मयी म्हणाली, सहा तिकिटं अजून मिळतील, नावं सांगा. हेमलता पुढं झाली. कुणाला विचारलं नाही. शहनाज, पुष्पलता, वैजयंता, छाया, सुरेखा आणि कुमुद, अशी सहा नावं तिनं सलग सांगितली आणि अंगठा टेकवला.

"अगं हेमे!" शहनाज ओरडली.

पण कुमुद तरातरा गाळ्याबाहेर निघून गेली होती.

*

बाहेर रस्त्याकडेला गुलमोहराखाली ती उभी होती. हेमलता जवळ गेली तशी ती वळली.

"पुन्हा तूच ठरवलंस," कुमुद म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तेव्हाही तूच ठरवलंस, आजही तूच."

हेमलता जागीच थांबली. "तुला माहीत होतं?"

"मी दाराआड उभी होते, हेमे."

जानेवारी २००२. राज्याच्या संघाची निवड चाचणी नाशिकला होती. जिल्ह्यातून एकीलाच जायचं होतं. पहिलं नाव कुमुदचं, तिच्याखाली हेमलताचं. त्याच आठवड्यात कुमुदला स्थळ आलं. कॅप्टन म्हणून हेमलता तिच्या घरी गेली, वडिलांना समजवायला. कुमुदनंच तिला तसं विनवलं होतं. वडील शांतपणे ऐकून घेणारे होते. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "पोरी, तू सांगशील ते मी खरं मानीन. ही म्हणते, निवड झाल्यातच जमा आहे, राज्याकडून खेळलं की नोकरी लागते. असं असेल तर मी लग्न पुढं ढकलतो. खरं आहे का हे?"

खरं होतं. सरांनी दोघींसमोर सांगितलं होतं. हेमलतानं कपातल्या चहाकडे बघितलं आणि म्हणाली, "तसं पक्कं काही नसतं, काका."

एवढंच. पंधरा दिवसांनी कुमुदचं लग्न झालं आणि हेमलता नाशिकला गेली.

"मला नोकरी हवी होती," हेमलता म्हणाली. "घरची परिस्थिती..." ती थांबली. "नाही. कारण काही नाही. मला ती जागा हवी होती. म्हणून बोलले तसं."

"जागेचं दुःख मी कधीच गिळलं," कुमुद म्हणाली. "खेळात कुणीतरी कुणाची जागा घेतंच. पण नंतर एकदा तरी यायचं होतंस. मिरज ते आटपाडी किती लांब आहे? पहिली दोन वर्षं एस्टीचा आवाज आला की मी बाहेर बघायची. यायचंस, सांगायचंस, कुमे, मी असं केलं. मी शिव्या दिल्या असत्या. दोन तडाखे पण दिले असते. पण तू आलीच नाहीस. माझी मैत्रीणच गेली. ती कोण भरून देणार? आणि आता तिकीट देऊन फेडतेस?"

"फेडत नाही. तुझी नात आहे. तू जायला हवंस."

"जाणारच आहे. तू दिलंस म्हणून नाही, ती माझी शर्वी आहे म्हणून जाणार." कुमुदनं डोळे पुसले. "मी खेळायची हे तिला माहीतसुद्धा नाही. सासरी तो विषयच बंद झाला. बक्षिसं माहेरीच राहिली, मग तीही कुठं गेली कोण जाणे. पोरगी आपल्या आपण खेळायला लागली. परवा मला म्हणाली, आजी, तुला कबड्डीतलं काय कळतं, तू नुसती टाळ्या वाजव."

आतून पाच जणी बाहेर आल्या आणि दोघींकडे न बघता गाडीत बसल्या. मिरजेला जाणारी बस आली. हेमलता चढली.

*

रविवारी पाच वाजता तिनं टीव्ही लावला. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला तेव्हा क्षणभर तिला त्या दिसल्या. सहा पांढरी डोकी एका रांगेत, पुष्पलताची काठी वर उंचावलेली. तिला हसू आलं. रेल्वेतली पस्तीस वर्षं, भिंतीवरची राज्याच्या संघाची तसबीर, कोपऱ्यातली ढाल. दर दिवाळीला ती ढाल घासायची आणि दर वेळी ती घासताना तोच चहाचा कप आठवायचा. आज तिनं ढालीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच नजर लगेच वळवली नाही.

सामना अटीतटीचा झाला. शर्वीनं पूर्वार्धात सहा गडी बाद केले. पण शेवटच्या मिनिटाला, दोन गुण मागे असताना, तिला मध्यरेषेपासून हातभर अंतरावर चौघींनी दाबलं. निळा संघ हरला. शर्वी मातीसारख्या दिसणाऱ्या त्या रबरी मैदानावर पालथी पडून राहिली.

हेमलतानं टीव्ही बंद केला आणि दिवा लावायला उठली. तेवढ्यात फोन वाजला. कुमुदचा नंबर तिच्याकडे नव्हता, पण दम लागलेला तो श्वास तिनं ओळखला.

"बघितलंस?" कुमुदनं विचारलं. मागं गर्दीचा गलका होता.

"बघितलं. छान खेळली गं. शेवटी उजवीकडं जायला हवं होतं."

"मी पण तेच ओरडत होते. कुणाला ऐकू जातंय." मग म्हणाली, "ती बाहेर आलीय, रडतेय. पुष्पीनं तिला सांगून टाकलं, तुझी आजी आमची सगळ्यांत भारी चढाईपटू होती म्हणून. तिला खरं वाटत नाही. म्हणते, एवढी भारी होतीस तर पुढं का नाही खेळलीस? मी काही बोलले नाही." गलका जरा दूर झाला, ती बाजूला गेली असावी. "हेमे, माझ्या वडिलांना त्या दिवशी सांगितलं नाहीस, ते हिला सांग. मी फोन देते. सगळं सांग, मागंपुढं करू नकोस. मी इथंच उभी आहे."

हेमलता भिंतीला टेकली. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग एक कोवळा, घोगरा आवाज, "हॅलो? कोण बोलतंय?"

"शर्वी, मी हेमलता. तुझ्या आजीबरोबर खेळायची." तिनं मोठा श्वास घेतला. "नीट ऐक बाळा. तुझ्या आजीची राज्याच्या संघात निवड होणार होती. पक्की होती. सरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. तिच्या वडिलांनी मला विचारलं, आणि मी खोटं बोलले. तिची जागा मी घेतली."

मग मुलीनं फोन बाजूला धरून विचारलेलं हेमलताला ऐकू आलं, "आजी, हे खरं आहे?"

आणि कुमुदचा आवाज आला, स्पष्ट, एकेचाळीस वर्षांपूर्वी मैदानात यायचा तसा मोकळा, "खरं आहे. आता तिला विचार, मी कशी खेळायची. तिच्याएवढं कुणालाच माहीत नाही."